विश्लेषण : अमेरिकेच्या डोंगरात शिजते ज्वारीची काकवी! काय आहे दीडशे वर्षांची ही रीत आणि ती धोक्यात का आली?

अमेरिकन सिरप म्हटले की पॅनकेकवर ओतलेले मेपलचे सिरप डोळ्यांसमोर येते. मात्र ॲपलेशियन डोंगररांगांच्या दक्षिण भागात, म्हणजे केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि उत्तर जॉर्जियातील खेड्यांमध्ये, घरचा गोडवा पिढ्यान् पिढ्या ज्वारीच्या ताटांतून आला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताटे तोडायची, चरकात पिळायची, लांबट कढईत रस आटवायचा आणि वर्षभराचा पाक बरण्यांत भरायचा, हे तिथले शरद ऋतूतले ठरलेले काम. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे वाचून गुऱ्हाळच आठवेल.

आता हा पाक बनवणारी कुटुंबे मोजकी उरली आहेत, हाताखाली माणसे मिळत नाहीत आणि २०१३ पासून एका किडीने या पिकाला गाठले आहे. हा पाक बनतो कसा, तो डोंगरातच का टिकला आणि त्याचा आपल्या फलटणशी काय संबंध, हे समजून घेऊ.

सोर्गम सिरप म्हणजे नेमके काय?

सोर्गम म्हणजे ज्वारी. गोड ताटाच्या ज्वारीचा रस काढून, गाळून, आटवून जो दाट, तांबूस-तपकिरी पाक मिळतो, तो सोर्गम सिरप. त्यात वरून साखर घालत नाहीत.

डोंगरातले लोक मात्र या पाकाला सर्रास ‘मोलॅसिस’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. मोलॅसिस म्हणजे मळी. कारखान्यात उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, कडसर द्रव उरतो, ती मळी. सोर्गम सिरपमधून काहीच काढून घेतलेले नसते. रसातली सगळी साखर त्यातच राहते, फक्त पाणी उडून जाते. म्हणजे मराठी शब्दच वापरायचा तर ही मळी नव्हे, ही ज्वारीची काकवी.

मेपल सिरपशीही तिचे नाते फक्त बरणीपुरते. मेपलचा रस जंगलातल्या झाडाला भोक पाडून हिवाळा सरताना गोळा करतात. ज्वारी दरवर्षी पेरावी लागते आणि ती थंडी पडण्याआधी तोडावी लागते.

ही ज्वारी आपल्या ज्वारीपेक्षा वेगळी आहे का?

प्रजात एकच आहे. भाकरीची ज्वारी, कडब्याची ज्वारी आणि पाकाची ज्वारी ही एकाच पिकाची वेगवेगळी वाणे. फरक पडतो तो पीक आपली साखर कुठे साठवते यात. धान्याच्या वाणात पानांनी तयार केलेली साखर कणसात जाऊन तिचे पिष्ट, म्हणजे स्टार्च, बनते. गोड वाणात बरीचशी साखर ताटातल्या रसातच राहते. शेतात ज्वारीचे गोड ताट सोलून चघळलेल्या कुणालाही हा फरक सांगायला नको.

अशा रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण साधारण १३ ते १८ टक्के असते आणि त्यात मोठा वाटा साखरेचा. हे प्रमाण ‘ब्रिक्स’ या एककात मोजतात. तयार पाकाचा ब्रिक्स ७८ ते ८० च्या आसपास लागतो. १५ पासून ७८ पर्यंतचा प्रवास म्हणजेच हा सगळा खटाटोप.

ज्वारी अमेरिकेच्या डोंगरात पोहोचली कशी?

ज्वारीचे मूळ आफ्रिकेतले. सुदानच्या परिसरात ती हजारो वर्षांपूर्वी माणसाने लागवडीखाली आणली. तिथून ती भारतात आणि पुढे चीनमध्ये गेली. धान्याची ज्वारी अमेरिकेत आली ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर.

गोड ज्वारी मात्र १८५० च्या दशकात दोन वाटांनी आली. चीनमधले बियाणे फ्रान्समार्गे पोहोचले आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते शेतकऱ्यांना वाटले. त्या काळी तिथे शेतीचा कारभार पेटंट कार्यालयाकडे होता, स्वतंत्र कृषी विभाग १८६२ मध्ये झाला. दुसरीकडे, १८५७ मध्ये लिओनार्ड रे या इंग्रज साखर व्यावसायिकाने दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातली वाणे अमेरिकेत आणली. पीक इतक्या झपाट्याने पसरले की १८६० च्या जनगणनेत सुमारे ६७ लाख गॅलन पाकाची नोंद झाली. एक अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर.

यामागे राजकारणही होते. अमेरिकेतली उसाची साखर मुख्यतः लुइझियानात, गुलामांच्या श्रमावर तयार होत असे. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या उत्तरेकडच्या अनेकांना ज्वारीचा पाक हा त्या साखरेला पर्याय वाटला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडून येणारी साखर तुटली आणि पर्यायाची गरज झाली.

मग ती डोंगरातच का टिकली?

त्याचे उत्तर हवामान आणि खिसा या दोन गोष्टींत आहे. उसाला दहा-बारा महिने दव-गोठणीशिवायचा काळ लागतो. ॲपलेशियन भागात असा काळ पाच-सहा महिन्यांचाच. गोड ज्वारी मे महिन्यात पेरली की चार महिन्यांच्या आसपास तोडणीला येते. उतारावरच्या लहानशा तुकड्यातही ती येते.

दुसरे कारण रोकड. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे मका, डुक्कर, सफरचंद होते, पण दुकानातून साखर आणायला पैसा नव्हता. अर्धा-पाव एकर ज्वारी लावली तर घराचा वर्षाचा गोडवा शेतातच तयार होई. पीक चांगले असेल तर एकरी १०० ते २०० गॅलन पाक निघतो. पावातून, लापशीतून, वाळवलेल्या सफरचंदाच्या थरांच्या केकमधून तो वर्षभर पुरवला जाई.

या रसापासून साखरच का बनवली नाही?

प्रयत्न झाला आणि तो सरकारी पातळीवर झाला. अमेरिकी कृषी विभागाचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी १८८० च्या दशकात ज्वारीपासून साखर बनवण्याचे मोठे प्रयोग केले. हेच वायली पुढे १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यासाठी प्रसिद्ध झाले. पण ज्वारीची साखर काही व्यवसाय म्हणून उभी राहिली नाही.

कारण रसातच आहे. पांढऱ्या साखरेचा दाणा सुक्रोजचा असतो. ज्वारीच्या रसात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही बरेच असते. या दोन साखरा सुक्रोजचे स्फटिक सहज बनू देत नाहीत. त्यात ज्वारीच्या रसातले पिष्ट पाक चिकट करते. कारखान्याच्या दृष्टीने हा दोष होता, तर घरच्या बरणीसाठी हाच गुण ठरला. पाक महिनोन् महिने पातळ राहतो, त्याचे खडे सहजासहजी होत नाहीत.

ताटापासून पाकापर्यंत काय काय होते?

पहिला प्रश्न तोडणीच्या वेळेचा. आपल्याकडे ज्या टप्प्यावर हुरडा भाजतात, साधारण तिथपासून दाणा घट्ट होईपर्यंतचे काही दिवस योग्य मानले जातात. त्याआधी तोडले तर साखर कमी आणि रस हिरवट चवीचा. फार उशीर झाला आणि कडाक्याची थंडी पडून ताटे गोठली, तर ती लगेच पिळावी लागतात, नाहीतर रस आंबतो.

तोडणीआधी उभ्या ताटांचा पाला लाकडी पट्टीने झोडपून काढतात. कणसे छाटतात, कारण दाण्यातले पिष्ट रसात उतरले तर पाक जेलीसारखा थिजतो. छाटलेली ताटे काही दिवस सावलीत ठेवता येतात. एकदा पिळल्यावर मात्र उसंत नाही. रस काही तासांत फसफसू लागतो, त्यामुळे आज पिळलेला रस आजच आटवायचा.

जुना चरक बिडाचा, तीन उभ्या लाटांचा. पहिल्या दोन लाटांत ताट चेपते, पुढच्या अरुंद फटीत पिळून निघते. मधल्या लाटेवर एक लांब, वाकडा लाकडी वासा बसवलेला असतो. त्याच्या टोकाला जुंपलेला घोडा किंवा खेचर गोल फिरते. चरकाजवळ बसून ताटे घालणाऱ्याच्या डोक्यावरून हा वासा प्रत्येक फेरीला जातो, म्हणून त्याला सतत वाकून काम करावे लागते. अशा चरकातून ताटाच्या वजनाच्या साधारण निम्मा रस निघतो. आज बहुतेक ठिकाणी जनावराची जागा ट्रॅक्टरने किंवा इंजिनाने घेतली आहे.

हिरवट, गढूळ रस कापडातून गाळून थोडा वेळ निवळू देतात आणि मग तो चुलाणावर जातो.

कढई लांबट आणि उथळ का असते?

आपल्या गुऱ्हाळात गोल काहील असते. तिच्यात एका वेळचा सगळा रस घालतात आणि पाक झाला की काहील उतरवतात. ॲपलेशियन डोंगरात मात्र लांबलचक, काही इंच खोलीची, आडव्या पट्ट्यांनी खण पाडलेली कढई लोकप्रिय झाली. ओहायोतील डी. एम. कुक यांनी १८५८ मध्ये अशा कढईचे पेटंट घेतले.

तिची युक्ती साधी आहे. एका टोकाला कच्चा रस सोडायचा. तो पट्ट्यांमधून नागमोडी वाहत पुढे सरकतो, वाटेत पाणी उडत जाते आणि दुसऱ्या टोकाला पाक बाहेर पडतो. उथळपणामुळे वाफ होण्यासाठी पृष्ठभाग जास्त मिळतो आणि रस आचेवर कमी वेळ राहतो, त्यामुळे तो करपत नाही. शिवाय काम थांबत नाही. रस आत येत राहतो, पाक बाहेर पडत राहतो.

उकळताना वर हिरवा फेस येतो. त्यात हरितद्रव्य, प्रथिने आणि पिष्ट असते. आपल्या गुऱ्हाळात या फेसालाही मळीच म्हणतात आणि ती वर आणायला भेंडीचा चिकट रस वापरतात. तिथे बहुतेक वेळा नुसत्या झाऱ्याने, न थकता, तासन् तास फेस काढत राहायचे. हा फेस टाकायला शेजारी खड्डा खणलेला असे. संध्याकाळच्या अंधारात कुणाचा तरी पाय त्या खड्ड्यात जाणे, किंवा मुद्दाम कुणाला तिकडे न्यायचे, ही पाकाच्या मोसमातली नेहमीची थट्टा.

किती रसाचा किती पाक?

रसाच्या गोडीनुसार साधारण आठ ते दहा लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. म्हणजे एका लिटरसाठी सात ते नऊ लिटर पाण्याची वाफ करायची. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्युल ऊर्जा लागते. रस तापवण्याची उष्णता धरली तर एका लिटर पाकामागे २० मेगाज्युलच्या आसपास हिशेब जातो. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण १५ मेगाज्युल असतात. म्हणजे आचेचा एकही कण वाया गेला नाही, तरी लिटरमागे सव्वा-दीड किलो लाकूड हवेच. उघड्या चुलाणात बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते, त्यामुळे खरा खर्च याच्या कितीतरी पट होतो. आज अनेकजण गॅस किंवा वाफेवर चालणाऱ्या कढया वापरतात, त्याचे एक कारण हेच.

खरी कसोटी : आच कधी थांबवायची?

या कामातले सर्वांत अवघड पाऊल शेवटचे असते. पाक लवकर उतरवला तर त्यात पाणी जास्त राहते आणि तो बरणीत आंबतो. उशीर झाला तर करपट वास येतो किंवा पाक ताणल्यासारखा चिवट होतो. बरोबर आणि चूक यांच्यात शेवटच्या टप्प्यावर काही मिनिटांचेच अंतर असते आणि चूक झाली तर दिवसभराची मेहनत जाते.

साखरेचे प्रमाण वाढते तसा द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. त्यामुळे पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण आठ ते नऊ अंश सेल्सियस वर पोहोचला की तो तयार धरतात. समुद्रसपाटीला हा आकडा १०८-१०९ अंश. डोंगरात मात्र तो तसाच वापरता येत नाही. उंची दर ३०० मीटरने वाढली की पाणी सुमारे एक अंश आधी उकळते. म्हणून जाणकार सकाळी आधी साधे पाणी उकळून तापमापी पाहतो आणि त्यावर आठ-नऊ अंश मिळवतो. हवेचा दाब बदलला तर आकडाही बदलतो.

तापमापी नव्हती तेव्हा डोळे आणि कान होते. सुरुवातीचा हलका फेस जाऊन मोठे, दाट बुडबुडे फुटू लागतात. त्यांना काही ठिकाणी बेडकाच्या डोळ्यांची उपमा देतात. झाऱ्यावरून पाक थेंबाथेंबाने पडायचा थांबून पडद्यासारखा ओघळू लागतो. आपल्याकडे एकतारी, दोनतारी किंवा गोळीबंद पाक ओळखतात, तसलीच ही नजर. कोल्हापूरकडे ही नजर असलेल्या माणसाला गुळव्या म्हणतात आणि त्याच्यावाचून गुऱ्हाळ पेटत नाही. ॲपलेशियन डोंगरातही प्रत्येक खोऱ्यात असा एखादाच जाणता असे आणि लोक आपली ताटे त्याच्याकडे घेऊन येत. चरक आणि कढईचा मालक मोबदला म्हणून तयार पाकातला वाटा ठेवून घेई. पैशाची देवाणघेवाण कमीच.

हे काम एकट्याने का होत नाही?

वेळापत्रकच तसे आहे. ताटे घालणारा एक, जनावर हाकणारा एक, रस वाहणारा एक, चुलाणात लाकूड सारणारा एक, फेस काढायला दोघे-तिघे आणि पाकावर नजर ठेवणारा एक. यातला कुणी थांबला की सगळे थांबते, आणि रस तर थांबत नाही. त्यामुळे आज एका घरचा रस, उद्या दुसऱ्या घरचा, अशी पाळी लागे आणि शेजारी एकमेकांकडे कामाला जात. आपल्याकडच्या इर्जिकीसारखाच हा प्रकार.

मुले उसाच्या कांड्यासारखा ताटाचा तुकडा घेऊन कढईच्या कडेचा गोड फेस चाटायला टपलेली असत. काम रात्री उशिरापर्यंत चाले आणि त्यात गाणी-गप्पाही होत. शिकवणी वेगळी नसे. झारा हातात धरायचा, चूक झाली की ओरडा खायचा, असे दहा-बारा मोसम गेले की पाक कळू लागे.

मग ही रीत आटली कशामुळे?

दुकानातली साखर स्वस्त झाली, मक्यापासून बनवलेले सिरप आले आणि माणसे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲपलेशियन भागातून लाखो लोक ओहायो, मिशिगनसारख्या औद्योगिक राज्यांत कामाला गेले. ज्या कामाला एका दिवशी सात-आठ जोड्या हात लागतात, ते काम घरात दोन म्हातारी माणसे उरल्यावर कसे होणार? पिकाचे क्षेत्र घटत गेले. ज्वारीच्या ताटासाठी खास बनवलेली कापणी यंत्रेही फारशी नाहीत, कारण इतक्या लहान बाजारासाठी यंत्र बनवणे कंपन्यांना परवडत नाही.

संशोधनालाही ओहोटी लागली. आज लावली जाणारी डेल, थीस, एम-८१ई यांसारखी वाणे अमेरिकी कृषी विभागाच्या मिसिसिपीतील मेरिडियन केंद्रातून आली. हे केंद्र १९८० च्या दशकात बंद झाले. त्यानंतर केंटकी विद्यापीठासारख्या संस्थांनी बियाणे आणि सल्ला देण्याचे काम पुढे चालू ठेवले.

माव्याचे नवे संकट काय आहे?

२०१३ मध्ये टेक्सास आणि लुइझियानाच्या ज्वारीत उसावरचा मावा दिसला. अमेरिकेत उसावर तो आधीपासून होता, पण ज्वारीवर असा तुटून पडलेला पहिल्यांदाच पाहिला गेला. वाऱ्याबरोबर तो उत्तरेकडे सरकला आणि २०१५ पर्यंत १७ राज्यांत पोहोचला. या माव्याच्या मादीला पिल्लांसाठी नर लागत नाही. ती थेट जिवंत पिल्ले देते, त्यामुळे काही दिवसांत पान खालून भरून जाते.

मावा रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. आपल्याकडे ज्वारीवर ‘चिकटा पडला’ म्हणतात, तोच हा प्रकार. त्या चिकट थरावर काळी बुरशी वाढते. धान्याच्या ज्वारीत दाण्याचे नुकसान होते. पाकाच्या ज्वारीत तर ताटच माल असतो. साखर घटते आणि काळा थर चरकातून थेट रसात उतरण्याची भीती असते.

फवारणीही सोपी नाही. ज्या पिकाचा रस काढून, दहापट आटवून खायचा, त्यावर कोणते औषध चालेल याची परवानगी वेगळी लागते आणि लहान पिकासाठी ती उशिराच मिळते. त्यामुळे लवकर पेरणी, शेताची वारंवार पाहणी आणि किडीला तोंड देणारी वाणे शोधणे यांवर भर आहे. एरवीच्या पाच पेरणाऱ्यांपैकी एकाने या त्रासाला कंटाळून ज्वारी सोडली, तरी खोऱ्यातला चरक चालवण्याइतकी ताटे जमत नाहीत, ही खरी अडचण.

आज हा पाक कोण बनवते?

केंटकी आणि टेनेसी ही दोन राज्ये आघाडीवर आहेत. टेनेसीतील मडी पाँड ही मेनोनाइट पंथीयांची वस्ती या पाकासाठी ओळखली जाते. उत्पादकांची एक राष्ट्रीय संघटना आहे. ती दरवर्षी एकत्र जमते आणि तिथे पाकाची स्पर्धाही होते. जॉर्जियातील ब्लेअर्सव्हिल इथे ऑक्टोबरमध्ये आणि केंटकीतील वेस्ट लिबर्टी इथे सप्टेंबरमध्ये सोर्गम महोत्सव भरतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातील केड्स कोव्ह इथे शरदात जुन्या पद्धतीची प्रात्यक्षिके पाहायला मिळतात.

तंत्रही बदलले आहे. आज अनेक उत्पादक रसातले पिष्ट फोडण्यासाठी आणि पाकाचे खडे होऊ नयेत म्हणून विकरे, म्हणजे एन्झाइम, वापरतात. ब्रिक्स मोजायला खिशात मावणारे रिफ्रॅक्टोमीटर आले आहे. त्यामुळे नवख्या माणसाच्या हातूनही पाक कमी बिघडतो.

बाजारात एक सावधगिरी लागते. ‘सोर्गम’ नावाने विकल्या जाणाऱ्या काही बरण्यांत मक्याचे सिरप मिसळलेले असते. शुद्ध पाकाला बाजारात जो भाव मिळायला हवा, तो अशा मिश्रणामुळे पडतो.

तो खातात कशाबरोबर? साखरेपेक्षा तो चांगला का?

गरम बिस्किटांबरोबर. तिथले बिस्किट म्हणजे आपले कुरकुरीत बिस्किट नव्हे, तर मऊ, जाडसर पाव. बशीत लोणी आणि पाक काट्याने एकजीव करायचा आणि बिस्किटाला लावायचा. चव काकवीच्या जवळची, पण किंचित आंबूस आणि गवताळ.

पोटॅशियम, लोह, मॅग्नेशियम अशी खनिजे त्यात पांढऱ्या साखरेपेक्षा जास्त असतात. तरीही एका मोठ्या चमच्यात साधारण ६० कॅलरी असतात आणि त्या जवळपास सगळ्या साखरेतूनच येतात. ज्वारीची भाकरी मधुमेहींना सुचवली जाते म्हणून ज्वारीचा पाकही चालेल, असे समजणे चुकीचे ठरेल.

महाराष्ट्राशी काय नाते?

सातारा जिल्ह्यातील फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. १९७० च्या दशकापासून तिथे गोड ज्वारीवर काम सुरू झाले. अमेरिकन गोड वाणे आणि इथली ज्वारी यांच्या संकरातून ‘मधुरा’ तयार झाली. कणसातून भाकरीचा दाणा, ताटातून रस आणि उरलेल्या चिपाडाचा चारा किंवा जळण, असा तिहेरी उपयोग हा त्यामागचा विचार. रसापासून पाक, गूळ आणि इथेनॉल बनवण्याचे प्रयोगही संस्थेने केले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले अमृता’ हे गोड ज्वारीचे वाण दिले आहे.

उसाच्या तुलनेत पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागत असताना हे पीक इथे का पसरले नाही? अडचणी डोंगरातल्याच आहेत. रस टिकत नाही, म्हणून चरक शेताजवळ हवा. तोडणीचे दिवस मोजके, म्हणून तो चरक वर्षातले बरेच महिने रिकामा राहतो. साखर पडत नाही, म्हणून साखर कारखान्याच्या यंत्रणेत ते नीट बसत नाही. पाकाला ठरलेला गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी पुन्हा धान्य आणि कडबा यांचाच हिशेब करतो.

पुढे काय?

ॲपलेशियन डोंगरातला अनुभव सांगतो की बियाणे, चरक आणि कढई मिळाली तरी काम अडते ते माणसांवर. रिफ्रॅक्टोमीटर पाक तयार झाला हे सांगेल, पण सप्टेंबरच्या एका दिवशी सात-आठ जणांना एकत्र आणणार नाही. जिथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून चरक चालवला, पाक थेट महोत्सवात किंवा रस्त्याकडेच्या दुकानात विकला आणि घरातल्या विशीतल्या मुलांना कढईपाशी उभे केले, तिथे हे काम चालू आहे. जिथे जाणता माणूस गेला आणि त्याच्या हाताखाली कुणी नव्हते, तिथे बिडाचा चरक अंगणात शोभेला उरला.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सोलापूर-बार्शीच्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते, त्याच दिवसांत तिकडे ज्वारीचा रस आटत असतो. फलटणच्या ‘मधुरा’मुळे ही दोन टोके एकदा जोडली गेली आहेत. इथल्या गुळव्यांच्या हाताखाली आज किती जण शिकत आहेत, हा प्रश्न तिकडच्या चरकांची अवस्था पाहून आपल्यालाही विचारता येईल.